लाभार्थी म्हणून पुकारलेली बाई

"घाल हात."

कारखानदार दादासाहेब माईकवर बोलले. समोर मैदान भरून माणूस. परभणीचं कृषी प्रदर्शन. स्टेजखाली मळणीयंत्र उभं, ट्रॅक्टरला जोडलेलं, घरघर करायलेलं. लाल रंग, नवंकोरं, वर झेंडूचा हार. मी मशीनच्या तोंडापाशी उभी. डावा हात पदराखाली झाकलेला. मनगटाच्या पुढं तिथं काहीच न्हाई.

"अगं घाल की. घाबरतीस कशाला? लोकांना दिसू दे."

त्याच्या आधी निवेदकानं माझी ओळख करून दिली होती. म्हणला, "आता आपल्यासमोर येत आहेत एक अपघातग्रस्त लाभार्थी महिला." नाव घेतलं न्हाई. गाव घेतलं न्हाई. लाभार्थी.

मी उजवा हात घातला. आतला ड्रम दिसत न्हाई, नुसता वारा लागतो हाताला, गरम वारा. आवाज दातात येतो. कोपरापर्यंत हात गेला, तोंडावरची फळी वर उचलली, खिट्टी निसटली, जाळी धाडकन खाली आली, पट्टा ढिला पडला. ड्रम घरंगळत घरंगळत थांबला. मी हात बाहेर काढला अन् बोटं मोजली. खरंच मोजली, पाच.

टाळ्या वाजल्या. दादासाहेब हसत म्हणले, "बघा मंडळी! हिचा एक हात आधीच मशीननं खाल्लाय. तरी दुसरा घालते. याला म्हणायचं खात्री!" लोक हसले. बायाबी हसल्या. मग दादासाहेबांच्या अंगावर शाल पडली, हातात ढाल आली, वर लिहिलेलं: ग्रामीण संशोधक. मला एक साडी अन् नारळ दिला. एका हातात दोन्ही धरता येईना, नारळ खाली पडला, तर परत हसले.

ती फळी, ती खिट्टी, ती जाळी मी शोधली होती. मी. त्या शाल पांघरलेल्या माणसानं न्हाई.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. मधी मधी माझा आवाज चढंल. ऐकून घ्या.

आमचं गाव पोखर्णीहून आत. वस्तीतल्या बाया सुगीत मशीनवर काड लावायला, म्हणजे पेंढ्या मशीनच्या तोंडात सारायला जातात. माझा हात गेला तो सोयाबीनच्या मळणीत, आठ वर्षं झाली. सकाळची वेळ, दहिवर वाळलं नव्हतं. ओलं काड ड्रमला गुंडाळतं, हे काड लावणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत न्हाई. मी म्हणले, ऊन चढू द्या. मशीनवाला म्हणला, "तू काड लाव, अक्कल लावू नको. मला दुपारून दुसरं वावर हाय." चौथ्या पेंढीला काडानं मनगटाला वेढा घातला. ओढलं. मी वरडले, पण त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? ट्रॅक्टर बंद होईस्तोवर पंजा गेला होता. चाळणीतून लाल दाणे पडायले.

वावराचा मालक पळत आला. मला वाटलं, माझ्याकडं यायलाय. तो पोत्याकडं गेला.

"आरं पोतं बाजूला घ्या! एक तर ह्यांचा हात, त्यात रगत. अडतीवर कोण घेतंय असला माल?"

मी मातीत बसलेली. पदर मनगटाला आवळलेला, तो भिजून टपटप गळायला. अन् दोन गडी माझ्यासमोरून पोतं उचलून नेऊ लागले. मी ते वाक्य विसरले न्हाई. मरेस्तोवर विसरणार न्हाई. माझ्या हातापरीस दाण्याची काळजी, अन् दाण्याला बी माझ्या जातीची भीती.

दवाखान्यातून घरी आले तर चार महिने नुसती भिताडाकडं बघत बसले. भाकर थापता येईना. एका हातानं केस बी बांधता येईनात. नवरा वीटभट्टीवर जायचा, पोरी शाळेत. घरात उंदीर लय झाले होते म्हणून नवऱ्यानं पिंजरा आणला. मी बसल्या बसल्या तो पिंजरा बघायचे. उंदीर आत जातो, आकड्याला ओढतो, आकडा सुटतो, दार पडतं. एका दुपारी डोक्यात आलं. दार उंदीर आत गेल्यावर पडतं. तेच उंदीर जायच्या आधी पडलं तर? उंदीर वाचंल की.

एवढंच. एवढाच शोध. पण तो शोध लावायला हात जावा लागला.

सासूची जुनी लाकडी पेटी होती, तिचं झाकण मोडून फळी काढली. पायात धरून एका हातानं करवतीनं कापली. मशीनच्या तोंडावर ती बिजागरीनं टांगायची. काडाची पेंढी फळीला चार बोटं उचलते, त्याचं काही न्हाई, मशीन चालू राहतं. पण बाईचा हात कोपरापर्यंत गेला की फळी जास्त उचलते. तेवढी उचलली की खिट्टी सुटते, ड्रमच्या पुढं जाळी पडते, पट्टा ढिला होतो. फळी किती लांब, खिट्टी किती उंच, हे मला मोजपट्टीनं कळलं न्हाई. मी वस्तीतल्या बायांना अंगणात बसवलं, खोटं खोटं काड लावायला लावलं अन् कोळशानं भिताडावर खुणा केल्या. कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड. सगळ्यात आखूड हाताची बाई वाचली पाहिजे, असा हिशेब धरला.

लोखंडाचं काम पाथरीला करून घेतलं. तिथं दादासाहेबांचा शेती अवजारांचा कारखाना हाय. त्यात सलीमभाई वेल्डर. चांगला माणूस. मी काय म्हणते ते ऐकून घ्यायचा, मधी हसायचा न्हाई. तीनदा जाळी बदलली, चौथ्यांदा जमली. गावातल्या एका लहान शेतकऱ्यानं त्याच्या मशीनवर लावू दिली, अन् पहिल्याच हंगामात त्या जाळीनं माझ्या नणंदेचा हात वाचवला. नणंद रडली. मी बी रडले. सुखानं रडायची सवय नव्हती, लय वेळ लागला थांबायला.

मग मी जे केलं ते आमच्यातलंच कुणी करंल. रविवारी विहारात वंदना झाली, बाया उठायच्या आत मी ती फळी पुढं आणून ठेवली अन् सगळ्यांना दाखवली. कशी कापायची, खिट्टी कुठं ठोकायची, सगळं. कोळशानं फरशीवर चित्र काढलं. शेजारच्या गावाहून आलेल्या बायांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो कुठं कुठं गेला. आमी घरात मार खाल्लेला लपवतो, उपाशी झोपलेलं लपवतो. पण कामाची युक्ती कधी लपवत न्हाई. ती ज्याला त्याला सांगायची असते. दोन हंगामात दहा-पंधरा मशीनवर फळी चढली. हे दाखवणं म्हणजे कायद्यात गुन्ह्यावाणी चूक असते, हे मला कुणी सांगितलं होतं?

दादासाहेबांनी तिसऱ्या हंगामाच्या आधी बोलावून घेतलं. ऑफिसात बसवलं. खुर्चीवर, हे बी सांगते. त्यांना चहा कपबशीत, त्यांच्या मॅनेजरला कपबशीत, मला कागदी कपात. मी पेले. म्हणले, "लय भारी डोकं हाय तुझं. नमुना इथं ठेवून जा. आमचा मुलगा इंजिनिअर हाय, तो मोजमाप घेईल. सगळ्या तालुक्यात लावू. बायाबापड्यांचं भलं होईल." मी ठेवून आले. वर त्यांच्या पाया पडून आले. त्या पाया पडण्याची मला आज एवढी चीड येते की स्वतःच्या थोबाडात मारून घ्यावं वाटतं.

प्रदर्शनाला त्यांचाच माणूस घ्यायला आला होता. मला वाटलं, माझा सत्कार हाय. नवी साडी नेसून गेले. पुढचं वर सांगितलंच.

साडी-नारळ घेऊन मशीनमागं गेले, तर तिथं पत्र्याची पट्टी ठोकलेली. त्यावर कारखान्याचं नाव अन् खाली "पेटंट अर्ज दाखल". सलीमभाई पान्हा घेऊन बसला होता. मी म्हणले, हे काय हाय? त्यानं मान वर केली न्हाई.

"आपा, वो कागज बंबई गया. बापबेटे के नाम से. मेरेकू भी कल मालूम हुआ."

पेटंट म्हणजे काय, हे मला एका पोरीनं सांगितलं. प्रज्ञा तिचं नाव, आमच्याच वस्तीतली, पोखर्णीत ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते. म्हणली, "मावशी, सरकार कागद देतं की ही वस्तू ह्यानं शोधली. मग वीस वर्षं त्याच्या परवानगीबिगर ती कुणी करायची न्हाई, विकायची न्हाई." मी म्हणले, म्हणजे मी केली तर? ती म्हणली, "म्हणजे तुमी केली तर चोर तुमी."

तिनं कम्प्युटरवर अर्ज शोधून काढला, छापून दिला. शोध लावणारे म्हणून दोन नावं. बाप अन् लेक. पुढं चित्रं. माझीच फळी. माझीच खिट्टी. अन् फळीच्या उजव्या कोपऱ्याला एक भोक. त्या भोकाला बाण काढून नंबर दिलेला. प्रज्ञानं वाचून दाखवलं: त्या भोकामुळं म्हणे फळीवरचा हवेचा दाब सारखा राहतो अन् फळी थरथरत न्हाई.

मी हसले. इतकी हसले की केंद्रातली माणसं बघायला लागली. अगं बाई, ते सासूच्या पेटीच्या कडीचं भोक! झाकणाला कडी होती ती उपटून काढली, भोक राहिलं. त्याचा काही उपयोग न्हाई. इंजिनिअरनं फळी जशीच्या तशी उतरवली, भोकासकट, अन् भोक कशाला हाय हे कळंना म्हणून त्याला काम लावून दिलं. हसता हसता राग आला. हातात काही असतं तर मी तो कम्प्युटर फोडला असता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेले. कागद टेबलावर ठेवला. म्हणले, "हे भोक कशाचं हाय, सांगा."

दादासाहेबांनी कागद बघितला बी न्हाई. "शोध लावायला शिक्षण लागतं, बाई. तुझा हात गेला म्हणून तुला शोध लागला, असं असतं होय? मग बाजारातला प्रत्येक थोटा शास्त्रज्ञ झाला असता."

"फळी माझी हाय."

"सवलती तुमच्या, नोकऱ्या तुमच्या. आता मशीन बी तुमचीच का? चल, ऊठ."

मॅनेजरनं दंडाला धरून उठवलं, थोट्या हाताच्या दंडाला. दारातून असं ढकललं की मी पायरीवर तोंडावर पडले. ओठ फुटला. दोन हात असलेला माणूस पडताना टेकवून घेतो. मी पडले ती पडलेच.

मग त्यांनी पोरं पाठवली. आमच्या गावात, शेजारच्या गावात फिरून मशीनवरच्या फळ्या पहारीनं उपटल्या. "ही पेटंटची वस्तू हाय, जेलात जाल," असं म्हणत. पेटंट अजून मिळालंच नव्हतं, पण शेतकऱ्याला काय ठाऊक? भ्याले. माझ्या नणंदेसमोर फळी उपटली अन् लगेच म्हणले, लाव काड. तिनं पेंढी तिथंच टाकली, घरी आली. तिला वांत्या व्हायला लागल्या.

परभणीच्या कोर्टात एक वकीलबाई हायेत. त्यांनी सगळं ऐकलं, ज्याला ह्या कायद्यातलं कळतं त्याला फोन लावला, मग मला समोर बसवून सांगितलं. पेटंट मिळायच्या आधी हरकत घेता येते. चोरी हाय, ते भोक लय चांगला पुरावा हाय. "पण एक गोष्ट ऐका," त्या म्हणल्या, "विहारात तुमी दाखवलं, वावरात वापरलं, व्हिडिओ फिरला. कायद्याला जगासमोर आलेली वस्तू नवी धरता येत न्हाई. हे सांगितलं तर त्यांचं पेटंट पडणार. पण मग तुमच्या नावावर बी कधीच होणार न्हाई."

मी म्हणले, म्हणजे मी शोधली असं सरकार कुठंच लिहिणार न्हाई?

"पेटंटच्या कागदावर न्हाई."

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. अन् दोनच दिवसांनी दादासाहेबांचा निरोप त्याच्याच हाती आला. त्यांच्या वकिलानं बी त्यांना तेच सांगितलं असणार. निरोप असा: शोध लावणाऱ्यांत तिसरं नाव तुझं टाकतो. तू फक्त लिहून दे की फळी पहिल्यांदा आमच्या कारखान्यात झाली, त्याच्या आधी कुठं वापरली न्हाई, कुणाला दाखवली न्हाई. नवरा म्हणला, "सही करून टाक. मुंबईच्या कागदावर तुझं नाव येतंय. आपल्या सात पिढ्यात कुणाचं आलंय?"

खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. मी ते नाव मनात लिहून बघितलं. दोनदा लिहून बघितलं.

सह्या कारखान्यातच करायच्या होत्या. मी गेले तर आवारात मशीन चालू, गाड्या उभ्या, बाहेरून माल घेणारे व्यापारी आलेले. दादासाहेबांनी मला बघितलं अन् हाक मारली. "ये ये. साहेबांना दाखव. सही मागून करू." अन् परत तोच शब्द, कुत्र्याला बोलवावं तसा.

"घाल हात."

मी मशीनपाशी गेले. कानात नुसता तो आवाज. त्या वावराच्या मालकाचा. आरं पोतं बाजूला घ्या. दादासाहेब माझ्या बाजूला उभे, व्यापाऱ्यांकडं बघून हसायलेले, एक हात मशीनवर ठेवलेला. मी ते मनगट धरलं. माझ्या एका हातात दोन हातांची ताकद हाय, आठ वर्षांत आलेली. ओढलं ते थेट मशीनच्या तोंडाकडं.

"शोध तुमचा हाय ना? मग तुमी घाला!"

ते किंचाळले. ओ सोड, सोड गं, अशी किंचाळी, बाईमाणसाला लाजवंल अशी. पाय रोवून मागं ओढत होते, तोंड पांढरं पडलेलं. मला त्यांचा हात फळीच्या आत घालायचा नव्हता. नुसतं फळीपर्यंत न्यायचं होतं. फळी हाय, जाळी हाय, त्यांना काही झालं नसतं. मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यानं शोधली त्याला ती वाचवते हे ठाऊक असतं, अन् हे सगळ्या व्यापाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

मग मला मारलं. मॅनेजर अन् आणखी दोघं. मशीनचा जुना पट्टा उचलला, रबराचा, जाड. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. जातीवरून जे जे बोलता येतं ते सगळं बोलले. "थोटे, दुसरा बी तोडू का?" दादासाहेब लांब उभे राहून मनगट चोळायलेले. कुणी मधी पडलं न्हाई. व्यापारी गाडीत जाऊन बसले. सलीमभाईनं ट्रॅक्टर बंद केला, वेल्डिंगची नळी हातात घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. म्हणला, "बस. अब मेरेकू मारो." त्याची नोकरी त्याच दिवशी गेली.

मी रडले न्हाई. पाठ फुटली होती, डोळा बंद झाला होता. पण माझं डोकं साफ झालं होतं. त्या कागदावर तिसऱ्या नंबरला बसायचं म्हणजे काय, हे पट्ट्याच्या पहिल्याच फटक्याला कळलं. त्यांच्या नावाला माझ्या नावाची सावली द्यायची.

पाथरीच्या ठाण्यात अमलदारानं इचारलं, "आधी हात कुणी धरला?" मी म्हणले, मी धरला. लिहा. मग पुढचं बी लिहा, एकबी शब्द न गाळता. ॲट्रॉसिटीचा गुन्हा लागला. लागायला दोन दिवस गेले, तोवर मी ठाण्याच्या बाकड्यावरून उठले न्हाई.

त्यानंतर वकीलबाईंकडं जाऊन हरकतीचा कागद केला. खरं होतं ते सगळं त्यात घातलं. विहारातला रविवार, भिताडावरच्या कोळशाच्या खुणा, व्हिडिओ, कुणाच्या वावरात कोणत्या सुगीला फळी चालली. वस्तीतल्या बायांनी प्रतिज्ञापत्रं दिली. सलीमभाईनं दिलं. माझ्या सहीच्या वेळी वकीलबाई म्हणल्या, "परत एकदा इचारते. ह्यानं तुमचा बी हक्क जातोय." मी सही केली. उजव्या हातानं, मोठ्या अक्षरात.

सुनावणी जवळ आलीय. मुंबईचे साहेब व्हिडिओवर इचारणार म्हणे, प्रज्ञाच्या केंद्रात बसायचं. नवरा अजून म्हणतो, मिटवून घे. गावातले दोघंतिघं येऊन गेले, गुन्हा मागं घे, दादासाहेब मोठा माणूस हाय, पोरींची लग्नं व्हायचीत. सगळ्यांना चहा पाजला अन् वाटंला लावलं. गुन्हा मागं घेणार न्हाई. हरकत मागं घेणार न्हाई. उपटलेल्या फळ्या आमी परत ठोकायला सुरू केलंय, दिवसाढवळ्या, पोखर्णीच्या रस्त्याला लागून. ज्याला पहार घेऊन यायचंय त्यानं यावं.

पेटंटच्या कागदावर शोध लावणारा म्हणून त्या दादासाहेबाचं नाव हाय. माझं तिथं लागणार न्हाई, ते मी मोजून मापून सोडलंय. पण त्याचं मी खोडणार.